अंगावरचे दूध आणि आईचा वेळ

"आजकालच्या मुलींना अंगावर पाजायचे म्हटले की जिवावर येते. आमच्या वेळी लेकरू तीन-तीन वर्षे पीत होते." हे बोलणे आपल्या वस्तीत कोणत्याही नळावर, कोणत्याही बारशाला कानावर पडते. बोलणारी बहुधा आजी किंवा मावशी असते आणि ऐकणारी नुकतीच बाळंत झालेली सून. सून मान खाली घालून ऐकून घेते. आठ दिवसांनी त्याच घरात पावडरच्या दुधाचा डबा येतो. तोही पुष्कळदा त्याच आजीच्या सांगण्यावरून, कारण "बाळ सारखे रडते, हिला दूधच पुरत नाही."

या दोन्ही वाक्यांशी आमचे भांडण आहे. पाजण्याच्या रीती बदलल्या हे खरे, पण आईची माया कमी झाली म्हणून त्या बदलल्या नाहीत. आईला पोटासाठी कुठे राबावे लागते, तिथे बाळ नेता येते का, घरातले तिचे काम कोण उचलते आणि तिला सल्ला कोण देतो, या चार गोष्टींवर बाळाचे दूध ठरत आले आहे. म्हणून बाळंतिणीला उपदेश करण्याआधी घराने आणि वस्तीने स्वतःकडे पाहावे, असे आमचे म्हणणे आहे.

जुने सगळेच सोने नव्हते

आधी जुन्या काळाकडे सरळ नजरेने पाहू. आपल्या आज्या-पणज्या शेतावर मजुरीला जात तेव्हा बाळ बरोबर असे. बांधावरच्या झाडाला झोळी बांधायची, पाळी संपली की येऊन पाजायचे. बाळ रडले की आईला ऐकू येत असे. दोन-तीन वर्षे अंगावर पाजणे त्यामुळे जमत होते. आई आजारी पडली तर जाऊबाई किंवा शेजारीण पाजत असे, त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

ही रीत फार जुनी आहे. महामायेच्या मृत्यूनंतर सात दिवसांच्या सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने दूध पाजून वाढवले, हे आपल्याला माहीत आहे. पुढे स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून आनंदाने तथागतांकडे रदबदली केली, तेव्हा त्याने गौतमीच्या या दुधाची आठवण करून दिली, असे विनयपिटकात आहे. दूध पाजणे हे उपकाराचे आणि मानाचे काम समजले जात होते. आपण ते "बाईचे कामच आहे" म्हणून मोडीत काढले.

पण जुन्या काळात चुकीचेही पुष्कळ होते. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट पिवळसर चीक "नासके दूध" म्हणून पिळून टाकला जात असे. तोवर बाळाला गुळाचे पाणी, मध, घुटी चाटवायची. हा समज काही अडाणी बायकांनी काढलेला नव्हता. सुश्रुतसंहितेसारख्या ग्रंथातही दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते असे धरून तोवर मध-तूप द्यायला सांगितले आहे. आज आपल्याला माहीत आहे की या चिकात रोगाशी लढणारे घटक भरपूर असतात. तो दिसायला थोडा, चमचा-दोन चमचे असतो. पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. उलट मधातून एक वर्षाखालच्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

इथे आपल्या समाजाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. १९५६ साली बाबासाहेबांबरोबर धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आपण देवदेवता सोडल्या. पाचवीला सटवाई पुजणे बऱ्याच घरांतून गेले. पण "दुधाला दृष्ट लागली", "बाळंतिणीने डाळ खाल्ली म्हणून बाळाचे पोट दुखते", "आधी घुटी, मग अंगावर" हे बोलणे गेले का? ज्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या घरात बाळाच्या पहिल्या घोटाचा निर्णय तरी विचार करून व्हायला हवा.

गिरणीच्या भोंग्यानंतर

दुधाच्या रीतीला पहिला मोठा धक्का शहरात बसला. कोकणातून, घाटावरून, दुष्काळी भागातून माणसे मुंबईला आली. बायकाही गिरणीत लागल्या. तिथे झोळी बांधायला झाड नव्हते. आई भोंग्याला आत जायची आणि बाळ चाळीच्या खोलीत एखाद्या म्हातारीजवळ किंवा थोरल्या मुलीजवळ राहायचे. ते रडू नये म्हणून अफूची गोळी दिली जाई. तिला "बाळगोळी" म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी पाहण्यांत याची नोंद आहे. अफू देणारी आई निर्दय नव्हती. खाडा झाला की पगार कापला जाई, आणि बाळाला जवळ ठेवायची सोय कुठेच नव्हती.

या प्रश्नाला कायद्याने हात घालायची वेळ आली तेव्हा बाबासाहेब त्या कामात होते. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा खर्च एकट्या बाईवर पडता कामा नये, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १९२६ साली, त्यांचा आणि रमाईंचा राजरत्न गेला होता. लहानपणीच गेलेले ते त्यांचे चौथे लेकरू. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना खाणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदा त्यांनी सुधारला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले आणि आईला बाळाला पाजायला वेळ देण्याची तरतूद केली.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच एक गोष्ट मान्य झाली होती. बाळाला आईचे दूध मिळायचे असेल तर आईला पगारासह वेळ मिळाला पाहिजे.

डबा घरात कसा आला

दुसरा धक्का बाजाराने दिला. हेन्री नेस्ले यांनी १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये बाळांसाठी दुधाचे पीठ विकायला आणले. शंभर वर्षांत असे डबे जगभर पोचले. आपल्याकडे ते आधी साहेबाच्या, मग पैसेवाल्यांच्या घरी आले. डब्यावर गुबगुबीत बाळ, दवाखान्यात कॅलेंडर आणि मोफत नमुना, गावोगावी गुटगुटीत बालक स्पर्धा. हळूहळू असा समज पसरला की डब्याचे दूध म्हणजे शिकलेल्यांचे, सुधारलेल्यांचे दूध आणि अंगावरचे ते गरिबाचे. ज्यांना पिढ्यानपिढ्या कमी लेखले गेले त्यांना "सुधारलेले" दिसण्याची ओढ असणे स्वाभाविक आहे. बाजाराने नेमका त्याचाच फायदा घेतला.

पण डबा ज्या घरासाठी बनला त्या घरात चोवीस तास नळ होता, गॅस होता आणि बाटली उकळायला वेळ होता. आपल्या वस्तीत पाणी तासभर येते, पिंपात साठते आणि त्यातच बाटली धुतली जाते. बाटलीच्या बोंडात राहिलेला दुधाचा थेंब दोन तासांत जंतूंचे घर होतो. त्यात डबा महाग. तीन-चार महिन्यांच्या बाळाला पावडरवरच ठेवले तर ४०० ग्रॅमचा डबा तीन-चार दिवस जेमतेम पुरतो. मग पावडर कमी, पाणी जास्त असे पातळ कालवले जाते. बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते, पण अंगी काही लागत नाही. वर जुलाब सुरू झाले की दवाखाना.

गरीब देशांतील बाळांचे असे मृत्यू पाहून जगभर आवाज उठला. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने अशा दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. आपल्या देशात दोन वर्षांखालील बाळाच्या दुधाची, आहाराची किंवा दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही. दुधाच्या डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही. मोफत नमुने वाटता येत नाहीत. डॉक्टर-नर्सला भेटी देऊन त्यांच्याकरवी विक्री करता येत नाही. आपल्या घरात डबा असेल तर तो हातात घेऊन पाहा. आईचे दूध बाळासाठी सर्वांत चांगले, हे त्या कंपनीला स्वतःच्या डब्यावर छापावे लागते.

दवाखान्यात बाळंतपण, पण पहिला तास?

गेल्या वीस वर्षांत आणखी एक मोठा बदल झाला. बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशात शंभरातली सुमारे ३९ बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१५-१६ साली ती ७९ झाली आणि २०१९-२१ मध्ये ८९. ही चांगलीच गोष्ट आहे, आईचे जीव वाचले. मग जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर लावण्याचे प्रमाण तितकेच वाढायला हवे होते. ते २००५-०६ मधल्या २३ वरून २०१५-१६ मध्ये जवळपास ४२ पर्यंत आले आणि २०१९-२१ मध्येही ४२ वरच थांबले. म्हणजे दवाखान्यात जन्मलेल्या कितीतरी बाळांनाही पहिल्या तासात आईचे दूध मिळत नाही. बाळ पुसून, गुंडाळून बाजूला ठेवले जाते, नातेवाईक पाहतात, फोटो निघतात आणि तास सरतो. सिझेरियन झाले म्हणून थांबायचे कारण नाही. आई शुद्धीवर आणि बाळ ठणठणीत असेल तर कुणीतरी आधार देऊन बाळाला अंगावर लावता येते. हे आपण हक्काने मागितले पाहिजे.

दुसरी बाजू आशेची आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध मिळणाऱ्या बाळांचे प्रमाण याच पाहण्यांत ४६ वरून ५५ आणि मग ६४ वर आले. आशाताई, अंगणवाडीताई आणि नर्सबाईंनी घरोघरी जाऊन सांगितल्याचे मोल आम्हाला यात दिसते. यातला सल्लाही बदलला आहे, हे आज्यांनी ध्यानात घ्यावे. पूर्वी चार महिन्यांनंतर वरचे सुरू करा असे डॉक्टरही सांगत. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना पूर्ण सहा महिने सांगते. सहा महिने म्हणजे पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात शंभरातले सुमारे ८८ भाग पाणीच असते. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, अंडे सुरू करायचे आणि दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही अंगावर पाजत राहायचे. म्हणजे आजीचे "तीन-तीन वर्षे" बरोबरच होते!

मुंबईतल्या शीव रुग्णालयाचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. धारावीला लागून असलेल्या या महापालिकेच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. एका आईचे जास्तीचे दूध तपासून, जंतुमुक्त करून दुसरीच्या अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दिले जाते. दूध देणाऱ्या बायका आपल्यासारख्याच वस्त्यांतल्या असतात. बाटलीत त्यांची जातही लिहिलेली नसते, धर्मही नसतो. एके काळी अनेक गावांत आपल्याच आया-बहिणींना सुईण म्हणून बाळंतपणाला बोलवायचे आणि नाळ कापून झाली की अंगणात उभे करायचे. त्या समाजात हे घडते आहे, याची आम्हाला मोठी किंमत वाटते.

आज आपल्या आईजवळ किती वेळ आहे?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. २०१७ साली प्रसूती लाभ कायदा दुरुस्त झाला आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पन्नास कामगारांच्या ठिकाणी पाळणाघर, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायची सुट्टी. सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. कायद्याला हिशेब कळतो.

पण आपल्या वस्तीतल्या किती आयांना ही रजा मिळते? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईला कोण रजा देणार? बिगारी कामावर, कचरा वेचण्यात, घरी बसून नगावर शिवणकाम करण्यात हजेरीपुस्तकच नाही. दीड-दोन महिन्यांत कामावर गेली नाही तर ते घर दुसरीला मिळते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पाच हजार सहा महिन्यांवर पसरले तर महिन्याला साडेआठशेही होत नाहीत. एवढ्यात कुणी सहा महिने घरी बसून दाखवावे. अशा बाईला "तुला पाजायला नको" म्हणणे हा अन्याय आहे.

मग काय करावे?

पहिले काम घराचे. बाळंतपणानंतर निदान तीन महिने पाणी भरणे, कपडे धुणे, स्वयंपाक यांतले बाळंतिणीच्या वाट्याचे काम नवऱ्याने, दिराने, सासऱ्याने उचलावे. पुरुषाला पाजता येत नाही, पण हंडा उचलता येतो. बाळंतिणीला रोज एक जेवण जास्त हवे. भाकरी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी, अंडे, सुकट, घरात जे शिजते ते सगळे चालते. डिंकाचे लाडू आणि हळीव परवडले तर उत्तम, नाही तर त्यावाचून दूध अडत नाही. दूध बाळाच्या ओढण्याने वाढते. जितके पाजाल तितके येते, आणि डबा सुरू केला की ओढणे कमी होते, मग दूधही कमी होते. "पुरत नाही" हे ठरवण्याआधी एवढे पाहा: पहिल्या आठवड्यानंतर बाळ चोवीस तासांत सहा वेळा किंवा जास्त लघवी करते का आणि वजन वाढते का? दोन्हीचे उत्तर हो असेल तर दूध पुरते आहे. बाळ इतर कारणांनीही रडते.

कामावर जावेच लागले तर दूध हाताने पिळून झाकणाच्या स्वच्छ, उकळलेल्या भांड्यात ठेवता येते. साध्या हवेत ते चार तास टिकते, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी, फ्रिजमध्ये एक दिवस. ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटलीने नको. काही आयांना आजारपणामुळे किंवा औषधांमुळे खरोखरच पाजता येत नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरे दूध द्यावे आणि कुणीही त्यांना बोल लावू नये.

दुसरे काम वस्तीचे. आपला विहार दिवसा पुष्कळदा कुलूपबंद असतो. तिथली एक खोली महिला मंडळाने तान्ह्या बाळांच्या पाळण्यासाठी उघडावी. दोन जाणत्या आज्यांना त्याचे मानधन वर्गणीतून द्यावे. दहा हजारांचा डीजे आपण एका रात्रीत वाजवतो. स्तनपान सप्ताह १ ते ७ ऑगस्टला असतो आणि त्याच सुमारास विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असते, सगळी वस्ती एकत्र येते. त्यातली एक संध्याकाळ वाचनानंतर आशाताईंना बोलवा. आणि त्या दिवशी बायकांबरोबर पुरुषांनीही बसावे.

तिसरे काम मागणीचे. राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. घरकाम करणाऱ्या प्रत्येक ताईची नोंदणी झालीच पाहिजे. नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा गटाराबरोबर अंगणवाडीला जोडून पाळणाघरही मागा. संघटित कामगार स्त्रीला सहा महिने मिळतात, मग तिच्या घरची भांडी घासणारीच्या बाळाला का नाही, हा प्रश्न बाबासाहेबांच्या १९२८ च्या भाषणाच्या पुढचाच आहे आणि तो विचारण्याची जबाबदारी आता आपली आहे.

तोवर, नळावर कुणी "आजकालच्या मुलींना..." असे सुरू केले, तर तिला एवढेच विचारा: "मावशी, तिचा हंडा आज कोणी भरला?"

जयभीम.